प्रत कुणाच्या घरी गेली?

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, पश्चिमेकडच्या ॲपलेशियन डोंगरांत, टो नावाच्या नदीचं खोरं आहे. १९३० च्या दशकात या एकाच खोऱ्यात दोन कॅमेरे हिंडत होते. एक होता बेयर्ड वूटन यांचा. त्याच राज्यातल्या, पण पार समुद्राकडच्या न्यू बर्न गावच्या या बाई नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार. त्यांनी टिपलेली लाकडी घरं, सुरकुतलेले चेहरे, धुकट उतार म्यूरियल शेपर्ड यांच्या ‘कॅबिन्स इन द लॉरेल’ या पुस्तकात आले. पुस्तक १९३५ साली निघालं, बाहेर त्याचं कौतुक झालं. खोऱ्यातले लोक मात्र चिडले. आमच्याकडे रस्ते आहेत, शाळा आहेत, त्या कुठे गेल्या, असा त्यांचा सवाल होता.

दुसरा कॅमेरा पॉल ब्यूकॅनन नावाच्या स्थानिक माणसाचा. तो साधारण १९२० पासून १९५१ पर्यंत मिचेल, ॲव्हरी, यान्सी आणि मॅकडॉवेल या चार काउंट्यांत फिरला. वडीलही हेच काम करत. दारासमोर जाऊन ‘फोटो काढायचा का?’ म्हणून विचारायचं, काढला की घरी जाऊन निगेटिव्ह धुवायची आणि पुढच्या फेरीला प्रत देऊन पैसे घ्यायचे, असा त्याचा धंदा. लोक त्याला ‘पिक्चर मॅन’ म्हणत. त्याच्या फोटोंत माणसं ताठ उभी असतात. कपडे ठेवणीतले. मागे पडदा हवा म्हणून घरातलीच गोधडी किंवा चादर आणून टांगलेली. नजर सरळ भिंगात. हसू जवळजवळ कुणाच्याच चेहऱ्यावर नाही, कारण फोटो काढून घेणं हे गंभीर काम होतं. आपल्याकडे तालुक्याच्या स्टुडिओत जाऊन कुटुंबाचा फोटो काढून घेणाऱ्या पिढीला ही मुद्रा ओळखीची वाटेल. ॲन हॉथॉर्न यांनी हे फोटो शोधून, निवडून ‘द पिक्चर मॅन’ या नावाने १९९३ साली पुस्तक केलं, तोवर बाहेरच्या जगाला ब्यूकॅननचा पत्ता नव्हता.

ॲपलेशियाच्या छायाचित्रांवर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि त्यातलं बहुतेक लिखाण ‘हे चित्रण खरं की खोटं?’ या एकाच प्रश्नाभोवती घोटाळतं. दारिद्र्य दाखवलं की बदनामीचा आरोप होतो आणि निसर्ग दाखवला की भाबडेपणाचा. प्रश्न अगदीच गैर नाही, पण त्याचं उत्तर कधी मिळत नाही. कारण तेरा राज्यांत पसरलेल्या एवढ्या मोठ्या मुलखात दारिद्र्यही होतं आणि मोटारीही होत्या. त्यापेक्षा साधे, हिशेबी प्रश्न विचारावेत. फोटो कुणी मागितला? पैसे कुणी दिले? आणि प्रत कुणाच्या घरी गेली? या तीन प्रश्नांनी जुनी चित्रं पुन्हा लावून पाहिली, तर नावाजलेल्यांचा क्रम बराच हलतो.

डोरिस उलमन यांच्यापासून सुरुवात करावी लागते, कारण डोंगरी माणसाच्या ‘कलात्मक’ चित्राचा साचा त्यांनी घालून दिला. न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरातल्या उलमन (१८८२–१९३४) क्लॅरेन्स व्हाइट यांच्या शाळेत शिकल्या. हातात वजनदार मोठा कॅमेरा, काचेच्या निगेटिव्ह, प्लॅटिनमच्या मऊ छटांच्या प्रती. सोबतीला लोकगीतं गोळा करणारा जॉन जेकब नाइल्स. शेवटच्या काही वर्षांत त्या दरसाल डोंगरांत जात आणि टोपल्या विणणारे, माग चालवणारे, डल्सिमर वाजवणारे असे कारागीर टिपत. ॲलन ईटन यांच्या १९३७ सालच्या हस्तकलांवरच्या ग्रंथात त्यांतली ५८ छायाचित्रं छापली गेली, तोवर त्या हयात नव्हत्या.

उलमन यांचं काम सुंदर आहे यात शंका नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर प्रकाश कसा पडावा हे त्यांच्याइतकं क्वचितच कुणाला उमगलं असेल. पण त्यांना हवा होता तो भूतकाळ. शिकल्यासवरलेल्या तरुण मुलीने आजीचा जाडाभरडा पोशाख अंगावर चढवावा आणि चरख्यापाशी बसावं, अशी चित्रं त्यांच्या संग्रहात आहेत. मुलीला हा खेळ वाटला असेल, कदाचित आवडलाही असेल. चित्र पाहणाऱ्याला मात्र १९३० सालची मुलगी १८३० मधली वाटते, आणि तशी ती वाटावी हाच बेत होता. हस्तकला विकणाऱ्या संस्थांनाही तेच सोयीचं होतं, कारण जुनेपणाला बाजारात भाव येतो. म्हणजे गिऱ्हाईक शहरात बसलेलं होतं आणि चित्र त्याच्या आवडीनुसार बेतलेलं होतं. चित्राच्या सौंदर्याला त्याने उणेपणा येत नाही, फक्त त्याला डोंगरी समाजाची नोंद म्हणताना जीभ अडखळते.

सरकारी कॅमेरा याच सुमाराला आला. त्याचा हेतू वेगळा असला, तरी गिऱ्हाईक बाहेरचंच. रॉय स्ट्रायकर यांच्या खात्याने, म्हणजे पुढे ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या यंत्रणेने, नेमलेला पहिला छायाचित्रकार आर्थर रॉथस्टीन. वय वीस. १९३५ च्या शरद ऋतूत त्याला व्हर्जिनियातल्या ब्लू रिज डोंगरात पाठवलं. तिथे शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यान व्हायचं होतं आणि त्यासाठी सुमारे पाचशे कुटुंबं उठवायची होती. उद्यान आणि विस्थापन ही जोडी मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. जमीन घेण्याचा कायदा राज्याने १९२८ सालीच करून ठेवला होता. १९३३ साली ‘हॉलो फोक’ नावाचं पुस्तक आलं. घळींमध्ये राहणारी ही माणसं जगापासून तुटलेली, शतकभर मागे राहिलेली आहेत, असं चित्र त्याने रंगवलं. अशा माणसांना खाली आणून वसवणं हे मग उपकारासारखं दिसू लागतं.

रॉथस्टीनचे फोटो त्या पुस्तकाइतके दुष्ट नाहीत. कॉर्बिन आणि निकल्सन घळींतल्या माणसांकडे तो आदराने पाहतो. पण चौकट पाहा: लाकडी खोपटं, उघडी पावलं, अंगणात घोळक्याने उभी पोरं, आणि चौकटीबाहेर काय आहे याचा मागमूस नाही. १९९० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ऑड्री हॉर्निंग यांनी याच घळींमध्ये काम केलं, तेव्हा ग्रामोफोनच्या तबकड्यांचे तुकडे, औषधांच्या बाटल्या, मोटारींचे सुटे भाग आणि कारखान्यात बनलेली खेळणी मातीतून निघाली. तुटलेली म्हणून गाजवलेली ही माणसं दुकानदारीच्या जगात आपल्यासारखीच मुरलेली होती.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. या फोटोंच्या ओळींत आडनावं, जागांची नावं नोंदलेली होती आणि निगेटिव्ह सरकारी असल्यामुळे सगळं सार्वजनिक मालकीचं राहिलं. त्यामुळे उठवलेल्या कुटुंबांच्या नातवंडांना त्यांत आपले आजे-पणजे सापडले. १९९४ साली वंशजांनी ‘चिल्ड्रन ऑफ शेनान्डोआ’ ही संघटना काढली आणि उद्यानाच्या माहितीपटात नि प्रदर्शनात आपल्या माणसांविषयी जे सांगितलं जात होतं ते बदलायला लावलं. साठ वर्षं उशिरा का होईना, प्रत घरी आली. सरकारी दफ्तराचा हा गुण छायाचित्रांच्या समीक्षेत क्वचितच मोजला जातो. कलासंग्रहालयात बंदिस्त झालेल्या उत्तम प्रतीपेक्षा फुकट उतरवून घेता येणारी मध्यम प्रत समाजाच्या जास्त उपयोगी पडते.

(स्ट्रायकरचं कौतुक करताना एक विसरू नये. नापसंत निगेटिव्हना तो चक्क भोकं पाडायचा. त्या भोकांखाली कुणाचे चेहरे गेले याची यादी कुणी ठेवली नाही.)

याच खात्याच्या वॉकर एव्हान्सने १९३५ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या एका खाणकामगाराच्या घराचा आतला भाग टिपला. समोर वाकवलेल्या लाकडाची झुलती खुर्ची, रिकामी. मागे भिंतभर पुठ्ठ्याच्या जाहिराती ठोकलेल्या, त्यात कोकाकोला पिणारा हसरा सांताक्लॉज. या फोटोवर दारिद्र्य विरुद्ध भांडवलशाही असं बरंच लिहून झालंय. ते चूक नाही, पण उथळ आहे. भेगांतून वारा येऊ नये म्हणून पुठ्ठा ठोकावा लागतो, आणि ठोकायचाच तर चित्राची बाजू आत ठेवावी ही घरातल्या कुणाची तरी निवड आहे. एव्हान्सला ती निवड दिसली, म्हणून तो मोठा. घरात राहणारं माणूस त्याने चौकटीत घेतलं नाही. याच घराच्या दुसऱ्या एका चित्रात अनवाणी मुलगा येतो, पण या फोटोचा भाव त्या माणसाच्या नसण्यावर उभा आहे. समाजजीवनाची नोंद म्हणून मला हा फोटो अर्धा वाटतो, कलाकृती म्हणून पुरा.

समाज एकत्र जमतो तेव्हा कसा दिसतो, हे पाहायचं तर मॅरियन पोस्ट वोल्कॉटकडे जावं. १९४० साली ती पूर्व केंटकीतल्या ब्रेथिट काउंटीत आणि आसपास हिंडली. रस्ता म्हणजे बरेचदा ओढ्याचं पात्रच. गाडी अडकली की खेचर लावून ओढून काढायची. तिचे फोटो मी अनेकदा पुन्हा पाहतो ते गर्दीसाठी. ओढ्यातला बाप्तिस्मा, कुटुंबाच्या स्मशानभूमीत भरणारी वर्षाची स्मरणसभा, कोर्टाच्या दिवशी कॅम्प्टनच्या ‘जॉकी स्ट्रीट’वर चाललेला खेचरांचा सौदा. आणि क्विकसँडच्या शाळेतला ‘पाय सपर’: बायकामुलींनी घरून ‘पाय’ नावाचा भाजलेला पदार्थ करून आणायचा, डबे सजवायचे, त्यांचा लिलाव व्हायचा आणि जमलेल्या पैशांतून शाळेसाठी सामान यायचं. मुलीचा डबा कोण पुरुष विकत घेतो यावर गावाचे डोळे. वोल्कॉट मध्ये शिरत नाही, बाजूला उभी राहून माणसं एकमेकांकडे कशी बघतात ते टिपते. ॲपलेशियाच्या बाकीच्या चित्रांत लोक कॅमेऱ्याकडे बघतात, नाहीतर शून्यात. इथे ते एकमेकांत गुंतलेले असतात. तिची गणती आजही एव्हान्सच्या खालच्या पायरीवर होते, ती एकेका फोटोचं देखणेपण मोजण्याच्या सवयीने.

तीच गत रसेल लीची. १९४६ सालच्या मोठ्या खाणसंपानंतर सरकार आणि कामगार संघटना यांच्यात जो करार झाला, त्यात खाणवस्त्यांच्या आरोग्याची पाहणी करायचं ठरलं. त्या पाहणीसाठी ली खाणीखाणींतून फिरला. केंटकीतल्या हार्लन काउंटीतला त्याचा एक फोटो: कोळसा भरणारा एक कामगार पाळी संपवून आपला पितळी बिल्ला फळ्यावर लटकवतो आहे. चेहरा काळा, खांदे पडलेले, पण हात सवयीने नेमक्या खिळ्याकडे गेलेला. बिल्ला फळ्यावर नसेल तर माणूस अजून खाली आहे, ही ती व्यवस्था. फोटोखाली त्याचं नाव, खाणीचं नाव, तारीख. पुढे त्याच माणसाचं घर, बायको, पोरं, पाण्याची सोय, संडास अशी मालिकाच. हे ‘कामाचे’ फोटो होते, अहवालात लावायचे, म्हणून त्यांना कलेच्या इतिहासात उशिरा जागा मिळाली. त्याच वस्तीतल्या, हातात साप धरून प्रार्थना करणाऱ्या पंथाचे फोटोही लीने काढले. बाहेरच्यांना त्याच्या कामातलं काय आठवतं हे सांगायला नकोच.

१९६४ साली सरकारने पुकारलेल्या दारिद्र्याविरुद्धच्या ‘युद्धा’ने कॅमेऱ्यांची दुसरी लाट आली. ३१ जानेवारीच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात जॉन डॉमिनिसचे पूर्व केंटकीचे फोटो आले. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन इनेझ गावाजवळच्या एका पडवीत जाऊन बसले आणि तो फोटो देशभर गेला. त्या पडवीचं कुटुंब पुढे कित्येक वर्षं पत्रकारांच्या येण्याजाण्याने जेरीस आलं. पडवी हे तेव्हापासून ॲपलेशियाच्या चित्रांचं ठरीव नेपथ्य झालं, कारण बाहेरच्या माणसाला तिथपर्यंतच जाता येतं.

सप्टेंबर १९६७ मध्ये हे सगळं रक्तापर्यंत गेलं. कॅनडाचे चित्रपटकार ह्यू ओ’कॉनर लेचर काउंटीतल्या जेरेमाया गावी भाड्याच्या घरांपाशी चित्रीकरण करत होते. कोळशाने माखलेला एक खाणकामगार पडवीत बसला होता. त्याची परवानगी त्यांनी घेतली होती. घरमालक पिस्तूल घेऊन आला आणि त्याने ओ’कॉनर यांना गोळी घातली. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. पुढे गुन्हा कबूल केल्यावर त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि वर्षभरात तो बाहेर आला. गावातल्या बऱ्याच जणांची सहानुभूती त्याच्याकडे होती. त्याच काउंटीतल्या एलिझाबेथ बॅरेट यांनी २००० साली ‘स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा’ हा माहितीपट केला. मला तो या विषयावरच्या कुठल्याही ग्रंथापेक्षा शहाणा वाटतो. खुनाला त्या माफ करत नाहीत आणि कॅमेऱ्यालाही मोकळं सोडत नाहीत. शिवाय एक गोष्ट त्या चलाखीने दाखवतात: ज्याचं चित्र काढलं जात होतं त्या भाडेकरूची हरकत नव्हती, हरकत होती ती ज्याची घरं दिसणार होती त्याची. ‘समाजाचा अपमान’ झाला असं म्हणताना समाजाच्या वतीने नेमकं कोण बोलतंय, हे तपासायला हवं.

छायाचित्रकार विल्यम गेडनी त्या खुनाच्या आधी, ‘लाइफ’च्या फोटोंच्याच १९६४ साली, पूर्व केंटकीत आला आणि बेकार झालेल्या एका खाणकामगाराच्या, बारा मुलांच्या घरात अकरा दिवस राहिला. पोरं गाडीखाली आडवी होऊन इंजिन दुरुस्त करतायत, मुली स्वयंपाकघरात रेंगाळतायत. त्यांच्या अंगातला आळस, माया, कंटाळा असं सगळं त्याच्या फोटोंत आहे आणि दारिद्र्य कुठेही वेगळं काढून दाखवलेलं नाही. १९७२ साली तो परत गेला, मधल्या काळात पत्रव्यवहार चालू होता. हाच गेडनी १९६९ मध्ये काशीला येऊन राहिला आणि तिथेही गल्लीत झोपलेल्या माणसांकडे त्याच मायेने पाहिलं. हयातीत त्याचं एकही पुस्तक निघालं नाही.

कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देण्याचं काम वेंडी इवाल्डने केलं. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ती लेचर काउंटीतल्या शाळांत शिकवत होती. मुलांना कॅमेरे तिने फुकट वाटले नाहीत, दहा डॉलरला इन्स्टामॅटिक विकत घ्यायला लावले. स्वतःचे, घरच्यांचे, जनावरांचे, आणि स्वप्नांचे फोटो काढा, असं सांगितलं. एका मुलाने ‘मी माझ्या जिवलग मित्राला मारलं’ या स्वप्नाचा फोटो काढला: मित्र झाडाच्या बेचक्यात डोळे मिटून पडलाय. त्यात भय आहे आणि दोघांनी मिळून केलेल्या नाटकाची मजाही. १९८५ च्या ‘पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स’ या पुस्तकात हे सगळं आहे. दारिद्र्याचा विषय मुलांना सुचलाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तो आहे, पण कोंबड्या, भावंडं, ईस्टरचे कपडे यांच्या गर्दीत.

आता माझ्या तीन प्रश्नांना अडचणीत आणणारा माणूस: शेल्बी ली ॲडम्स. जन्म केंटकीतल्या हॅझार्डचा, म्हणजे घरचाच. वर्षानुवर्षं तो त्याच कुटुंबांकडे जात राहिला, पोलरॉइडची प्रत तिथल्या तिथे द्यायचा, पुस्तकं नेऊन दाखवायचा. प्रत घरी पोचायची, लोक खूशही असायचे. तरीही १९९३ च्या ‘ॲपलेशियन पोर्ट्रेट्स’ पासून त्याच्यावर सर्वांत कडक टीका झाली. जेनिफर बाइचवाल यांच्या २००२ च्या माहितीपटात उघड झालं, की डुक्कर कापण्याच्या त्याच्या गाजलेल्या चित्रासाठी डुक्कर त्यानेच विकत आणलं होतं. मला त्यात फसवणूक वाटत नाही; रचलेलं चित्र रचलेलंच दिसतं. खटकते ती प्रकाशयोजना. खोलीच्या कोपऱ्यांतून आलेले दिवे चेहऱ्याची प्रत्येक खाच उकरतात. घरात लावलेली प्रत कुटुंबाला ‘आपला फोटो’ म्हणून दिसते, न्यूयॉर्कच्या दालनात तीच प्रत भयकथेतल्या पात्रासारखी. दोन गिऱ्हाइकं एकाच वेळी सांभाळताना ॲडम्सने चित्राचा सूर दुसऱ्यासाठी लावला. तेव्हा प्रत घरी जाणं आवश्यक असलं तरी पुरेसं नाही.

दारिद्र्याविरुद्धच्या युद्धाला पन्नास वर्षं झाली त्या २०१४ साली रॉजर मे यांनी ‘लुकिंग ॲट ॲपलेशिया’ हा सामूहिक उपक्रम सुरू केला. कुणीही फोटो पाठवावा, तेरा राज्यांतून. हेतू चोख. पाहताना मात्र जाणवतं, की पाठवणारे बरेचसे छायाचित्रकलेत मुरलेले आहेत: रिकामा पेट्रोलपंप, चर्चची पाटी, पडवी. रंगीत, संयत आणि एकसुरी. ब्यूकॅननच्या गिऱ्हाइकांनी असल्या फोटोसाठी दमडी मोजली नसती.

खरी उणीव अभिलेखांत आहे. केंटकी-व्हर्जिनिया सीमेवर विल्यम मलिन्स नावाचा आणखी एक ‘पिक्चरमॅन’ होऊन गेला. त्याच्या हजारो निगेटिव्ह व्हाइट्सबर्गच्या ‘ॲपलशॉप’ या संस्थेकडे आहेत. ही संस्था १९६९ मध्ये सरकारी दारिद्र्यनिर्मूलनाच्या पैशांतूनच, तरुणांना चित्रपट शिकवण्यासाठी उभी राहिली आणि डोंगरी लोकांनी स्वतःचं चित्रण करण्याचं तिथलं मुख्य ठिकाण बनली. २८ जुलै २०२२ च्या पुरात तिच्या संग्रहात पाणी शिरलं; फिल्म, टेप, कागद चिखलातून काढून गोठवावे लागले आणि ते साफ करण्याचं काम पुढे कित्येक महिने चाललं. उलमन यांच्या प्रती तेव्हा बेरिया कॉलेजात आणि मोठमोठ्या संग्रहालयांत कोरड्या होत्या. कोणता संग्रह नदीकाठच्या इमारतीत राहतो आणि कोणता वातानुकूलित तळघरात, हे कलामूल्यावर ठरत नाही. ज्यांनी फोटोचे पैसे दिले त्यांच्या ऐपतीवर ठरतं. समीक्षकांनीही त्यात भर घातली आहे. उलमन, एव्हान्स, ॲडम्स यांच्यावर ग्रंथ आणि माहितीपट आहेत. ब्यूकॅननवर एक पुस्तक आणि मलिन्सवर त्याहून कमी. पुढचं लिखाण या दोघांपासून सुरू व्हायला हवं, आणि ते लिहिणाऱ्याला प्रकाशयोजनेपेक्षा गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून नावं लावून घेण्याचं काम आधी करावं लागेल.